डाव्या टाचेवरचा डाग

भूत, करणी, लागिर असल्या गोष्टींवर मी जन्मभर हसत आलो आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात बैहर-बिरसाकडच्या जंगलातले किस्से सांगणाऱ्यांची काही कमी नाही. पानठेल्यावर दहा मिनिटं उभे राहा, दोन भुतं आणि एक वाघ हमखास ऐकायला मिळतो. मी वाघावर विश्वास ठेवायचो, भुतांवर नाही. या सदरात लोक जे लिहितात तेसुद्धा मी टाइमपास म्हणूनच वाचायचो... खोटं कशाला बोलू. माझं शिक्षण सगळं हिंदीत झालं, मराठी फक्त घरातली, तेव्हा चुका पोटात घाला.

माझ्या अनुभवात पिंपळ नाही, अमावस्या नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. सगळं दिवसाढवळ्या झालं, आमच्या समोरच्या खोलीत, एका असेम्बल केलेल्या कम्प्युटरवर. भीती वाटावी असंही त्यात काही नाही. तरी त्यानंतर मी कोणाच्या भुताच्या गोष्टीवर हसलो नाही.

सन २००५. वैनगंगेच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत एक गल्ली आहे, तिथे आमचं घर. बाबा सिंचन विभागातून बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झालेले. आई लामत्याची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होईपर्यंत धानाच्या बांधीत अनवाणी फिरलेली, त्यामुळे टाचांना ज्या भेगा पडल्या त्या कधी भरल्या नाहीत. मी एकुलता एक, सत्तावीस वर्षांचा, बस स्टँडजवळ लग्नपत्रिका छापून देण्याचं दुकान चालवत होतो. दिवसभर 'भेज रहा हूँ नेह निमंत्रण' टाइप करायचं आणि गणपती उजवीकडे की डावीकडे यावर पार्टीशी, म्हणजे गिऱ्हाइकाशी, वाद घालायचा. वीट आला होता मला. नाराज माणूस होतो मी, आजही आहे.

सुटकेचा एकच रस्ता दिसत होता, तो म्हणजे थ्रीडी. कम्प्युटरवर हुबेहूब माणूस तयार करायचा. नुसता पुतळा तर तयार मिळतो, कठीण असते ती त्याची कातडी. खऱ्या माणसाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, संत्र्याची साल सोलून सपाट पसरवावी तसे ते जोडून एक चित्र बनवायचं आणि ते त्या पुतळ्यावर चढवायचं. याला टेक्श्चर म्हणतात. मग कातडीला चमक किती, खडबडीतपणा किती, कानाच्या पाळीतून उजेड किती आरपार जातो, हे आकडे बदलत बसायचं. एक आकडा चुकला की माणूस प्लास्टिकचा दिसतो, दुसरा चुकला की मेणाचा. मी महिनोन् महिने हेच करत होतो. बाहेरच्या देशांतले लोक एका वेबसाइटवर आपली अशी कामं टाकायचे. तिथे सगळ्या गोऱ्या, तरुण, गुळगुळीत बाया. मी म्हटलं, आपण एक म्हातारी बाई करू, आपल्याकडची, काम करून थकलेली. ते काम कोणाच्या नजरेत भरलं तर हैदराबादच्या एखाद्या स्टुडिओत नोकरी लागेल, बालाघाट सुटेल. एवढंच डोक्यात होतं.

म्हातारी बाई शोधायला लांब जायची गरज नव्हती.

आईला सांगितलं तर ती हसतच सुटली. "माह्या टाचांचे फोटो काढतं? लेका, तुले दुसरं काही भेटलं नाही का? लोकं पोरींचे फोटो काढतात, हा मायच्या भेगांचे काढून राह्यला."

पण कौतुकही होतं तिला. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी मित्राचा डिजिटल कॅमेरा आणला. ऊन थेट पडू नये म्हणून आंगणात बाबांची दोन धोतरं ताणून बांधली. आई आतून तयार होऊन आली ती अशी... वजरीनं टाचा घासलेल्या आणि वरून चांगलं चोपडून खोबरेल तेल लावलेलं. तेलाच्या चमकीनं टेक्श्चरची वाट लागते. मी असा भडकलो की बाबा पेपर ठेवून बाहेर आले. आई बिचारी साबण लावून पाय धुवून आली. म्हणाली, "फोटोले चांगलं दिसावं म्हनून लावलं. आता नाही लावत, चिडू नको."

चेहरा, मान, हात, पाठीचा वरचा भाग, पाय. शेवटी तळपाय. खुर्चीवर बसवून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून, दोन्ही तळव्यांचे चोवीस फोटो काढले. ते फोटो मी इतक्या वेळा पाहिले आहेत की डोळे मिटले तरी कुठली भेग कुठे वळते ते सांगू शकतो. डाव्या टाचेवर तेव्हा काहीही नव्हतं. भेगा सोडल्या तर साफ.

मग साफसफाई. या धंद्यात अर्धं काम साफसफाईचंच असतं. मूळ फोटोतलं जे नको ते पुसायचं, म्हणजे बाजूची कातडी उचलून त्याच्यावर लावायची. आईनं जोडवी काढायला साफ नकार दिला होता, म्हणून जोडवी मी पुसली. मनगटावरचं गोंदण पुसलं. गालावरचा तीळ पुसला. तिनं स्क्रीनवर पाहिलं तेव्हा म्हणाली, "गोंदन काहून काढलं? ते तं मेल्यावरबी संग येते म्हनतात." मी म्हटलं, आई, विकायच्या कामात असं काही ठेवत नाहीत.

आता रेंडर म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सगळं तयार झाल्यावर कम्प्युटर त्या पुतळ्याचं पक्कं चित्र काढतो, वरून खाली, एकेक रेघ. माझ्या मशीनला पाच तास लागायचे. आणि लाइट अकराला जायची, ती दोनला यायची. मधेच गेली तर सगळं पाण्यात. म्हणून मी पहाटे सहाच्या आत लावून द्यायचो आणि नऊला दुकानात जायचो. मागे आई बसायची राखण करत. शेजारी खुर्ची, मांडीवर सुपात तांदूळ, खडे निवडता निवडता स्वतःलाच कम्प्युटरवर उतरताना पाहायची. तिला ती 'माही बाई' म्हणायची. साडेदहाच्या सुमारास दुकानातला फोन वाजायचा.

"मांड्यापर्यंत आलं. लाइट हाय आतालोक."

मग थोड्या वेळानं पुन्हा फोन. "पाय येऊन राह्यले आता. दुकान सोडून येऊ नको, मी पाह्यतो." (आमच्याकडे बायकाही 'मी पाहतो' म्हणतात, हसू नका.)

बाईला मी जमिनीवर पाय लांब करून बसवलं होतं, तळवे समोर. ती पोज मुद्दाम घेतली होती, टाचांच्या भेगा दाखवायला. भेगा म्हणजे माझी सगळ्यात भारी कारागिरी, असं मला वाटायचं.

पहिल्यांदा ते आईलाच दिसलं. रविवार होता, मी घरीच होतो, दाढी करत होतो. तिनं हाक मारली.

"बाईच्या टाचेले काय लागलं रे?"

"कुठं?"

"हे पाह्य न, डाव्या. काळं. काटा मोडल्यावानी."

मोहरीएवढा काळा ठिपका होता. मला वाटलं स्क्रीनवर कचरा असेल. बोटानं पुसला, गेला नाही. टेक्श्चरची फाइल उघडली, त्यात टाच साफ. मी तरी त्या जागेवर नवी कातडी फिरवली, सेव्ह केलं, दुसऱ्या दिवशी रेंडर लावला. ठिपका तिथेच होता, आणि मोहरीचा मसुराएवढा झालेला.

आता जे कम्प्युटरवाले आहेत ते म्हणतील, फाइल चुकीची जोडली असशील, जुनी कॉपी उचलली जात असेल. बरोबर, मीही तेच म्हणालो. फाइलचं नाव बदललं. दुसऱ्या ड्राइव्हवर टाकली. चमकीची, खडबडीची सगळी चित्रं पुन्हा बनवली. शेवटी पायाची कातडी पूर्ण काढून नुसता राखाडी रंग भरला आणि रेंडर लावला. राखाडी पायावर, डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला, काळा डाग. कडा वेड्यावाकड्या आणि तळव्याच्या खळगीकडे गेलेली एक बारीक शेपटी. तरी मी घाबरलो नाही, रागावलो. मशीन आपल्याला वेडं बनवतंय असा राग.

सहावी का सातवी वेळ असेल. पुन्हा रविवार. आई शेजारीच बसलेली, सूप मांडीवर. डाग पुन्हा उतरला. मी टेबलावर हात आपटला. आई म्हणाली,

"माह्या टाचेले हाय का तसं? पाह्य बरं. मले तं वाकता येत नाही."

गुडघे धरले होते तिचे, दोन वर्षांपासून. स्वतःचा तळपाय तिला दिसायचा नाही. तिनं चपलेतून डावा पाय काढला आणि माझ्या खुर्चीकडे पुढे केला.

मी काय केलं सांगू? माउस सोडला नाही. दिवाळीनंतरचा तो ओरिजनल फोटो उघडला, चारशे टक्के मोठा केला, टाच इकडून तिकडून पाहिली आणि म्हणालो, "नाही आई. काही नाही. फोटोत एकदम साफ आहे. कम्प्युटरची गलती आहे ही."

"मंग ठीक हाय," म्हणाली, आणि पाय चपलेत घातला.

हे मी इथे जसंच्या तसं लिहिलं आहे. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

त्यानंतर दोन दिवसांनी रेंडर साफ निघाला. मी काहीच बदललं नव्हतं. टाच स्वच्छ, भेगा झकास, कानाची पाळी जिवंत. आनंदानं वेडा झालो. सायबर कॅफेत जाऊन अर्धा तास लावून तो फोटो त्या वेबसाइटवर चढवला. चार दिवसांनी पाहतो तर खाली एका परदेशी माणसानं लिहिलेलं. कुठल्यातरी थंड देशातला असावा, इंग्रजी त्याचंही माझ्यासारखंच मोडकं. त्याचा मतलब असा होता, 'मी खूप कामं पाहिली, पण डाव्या टाचेवरची ती काळी खूण इतकी खरी आहे की हात लावून पाहावंसं वाटलं. कशी केली?'

मी पुन्हा माझं चित्र उघडलं. खूण नव्हती. कॅफेवाल्याला बोलावून विचारलं, भैया, इसके पैर में कुछ काला दिख रहा है क्या? तो म्हणाला, नहीं तो, एड़ी फटी है बस.

माणसाचा गाढवपणा पाहा. मला तेव्हा घाम फुटायला हवा होता. पण इतक्या महिन्यांत कोणीतरी पहिल्यांदा माझ्या कामाला चांगलं म्हटलं होतं हो. त्याच्या स्क्रीनवर सावली पडली असेल असं मनाला समजावलं, आणि खाली उत्तर लिहिलं. थँक यू. बरीच मेहनत घेतली.

त्या पानाची प्रिंट काढून घरी आणली. आईला वाचून दाखवली. डागाचं तिला सांगितलं नाही, उगाच पुन्हा तो विषय कशाला. म्हणालो, तुझ्या टाचेची तारीफ केली आहे एका साहेबानं.

"बाप्पा," आई म्हणाली, "माह्या टाचेची? तिकडल्या साहेबानं?" मग शेजारच्या काकूंना बोलावून दाखवलं, मला आणखी दोनदा वाचायला लावलं, आणि कणकेची खळ करून तो कागद लोखंडी आलमारीच्या दाराला आतून चिकटवला.

हैदराबादहून काही आलं नाही. कोणाच्या नजरेत मी भरलो नाही. उन्हाळ्यात लग्नसराई आली आणि मी पुन्हा पत्रिकांत बुडालो.

आई लंगडते हे माझ्या लक्षात आलं ते पोळ्याच्या दिवशी. बैलांना ओवाळायला दारात आली तर डावी टाच टेकवत नव्हती. विचारलं तर म्हणाली, काही नाही, भेग असन. मी तिला मऊ चप्पल आणून दिली, आणि मोठं काम केल्यासारखं वाटलं मला. पुढे जास्त दुखायला लागलं तेव्हा गावातल्या एका दवाखान्यात नेलं. त्यांनी वरवर पाहून भोवरी सांगितली, पट्ट्या दिल्या. मी बाहेर स्टुलावर बसून होतो. आत गेलो नाही. पट्ट्या बाबाच बदलायचे, आणि त्यांनाही धड दिसत नव्हतं, मोतीबिंदू होता. दिवाळीच्या आसपास पट्टीतून रक्त यायला लागलं. मग गोंदिया, आणि गोंदियावाल्यांनी त्याच दिवशी नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या दवाखान्यात नर्सनं पट्टी सोडली आणि मी कॅमेरा मधे न धरता पहिल्यांदा आईचा तळपाय पाहिला. म्हणजे फोटोत नाही, खरा.

तोच आकार. वाटाण्यापेक्षा मोठा झालेला, मधून फुटलेला, पण कडा त्याच, आणि तळव्याच्या खळगीकडे गेलेली ती शेपटीही तीच. मला ती पाठ होती. मी ती सात वेळा पुसली होती.

डॉक्टरीण बाई भल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आई, हा डाग किती दिवसांपासून आहे?"

"मले काय माहीत जी," आई म्हणाली. "तळपाय कोन पाह्यते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, माहीत नाही म्हणून. घरी माझ्या कम्प्युटरमध्ये प्रत्येक रेंडरच्या फाइलवर तारीख होती. तपासण्यांचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला एकट्याला सांगितलं, हा कातडीचा कॅन्सर आहे, तळव्यावर होतो, भोवरी समजून लोक वेळ घालवतात. गाठी जांघेपर्यंत गेल्या आहेत. वर्षभर आधी, मसुराएवढा असताना आला असतात, तर तेवढाच तुकडा काढून भागलं असतं. मसुराएवढा, हा शब्द त्यांचाच.

पाय घोट्याच्या वरून काढला. काढूनही काही खरं नव्हतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. हिवाळ्यात आईला घरी आणली. समोरच्या खोलीतच कम्प्युटरच्या बाजूला पलंग टाकला, दारातून उजेड यायचा म्हणून. कम्प्युटरवर मी कापड टाकून ठेवलं होतं. तिच्या लक्षात आलं.

"काहून बंद केलं ते? लावत जा न. माही बाई कुठी गेली?"

मी लावला. बाईला उभी केली, तळवे दिसणार नाहीत अशी.

"तिले दोन्ही पाय हायेत न?" आईनं विचारलं.

"हौ आई. दोन्ही."

"मंग असू दे," म्हणाली. "पुसू नको."

होळीच्या आधी गेली. सकाळी आठला, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेली.

आमच्याकडे सवाष्ण गेली की उचलण्याआधी तिच्या पावलांना कुंकू लावून पांढऱ्या कापडावर ठसे घेतात. ते कापड घरात राहतं, सणासुदीला पूजेत ठेवतात. मावशी परसवाड्याहून आदल्याच दिवशी येऊन राहिली होती, तिनं कुंकू कालवलं, उजवं पाऊल उमटवलं आणि हात तसेच ठेवून बसून राहिली. मग बाबांना म्हणाली, "भाऊजी, एकच पाऊल घरात ठेवत नाहीत जी. सुनं असते ते."

बाबा माझ्याकडे वळले. त्या दिवसापर्यंत बाबा कधी माझ्या कम्प्युटरबद्दल चांगलं बोलले नव्हते. म्हणाले, "तुह्या मशीनमधी हाय न तिचं डावं पाऊल? काढ."

आई खाली निजवलेली, आणि मी तिच्या डोक्याशी कम्प्युटर चालू करून बसलो. डावा तळवा मापात छापायला समोर घेतला, आणि मनाची तयारी केली की आता तो डाग दिसणार. दिसला नाही. म्हटलं, नीट पाहू. जुने रेंडर उघडले, एकेक. ज्यात मोहरीएवढा होता तो, मसूरवाला, राखाडी पायावरचा. सगळ्या टाचा साफ. फाइलींच्या तारखा त्याच, एक दिवस इकडे तिकडे नाही. तेव्हाचं सगळं काम चाळलं, मागे बायका रडत होत्या, आणि माझ्या मशीनमध्ये माझ्या आईला काहीही झालेलं नव्हतं.

पाऊल छापून दिलं. मावशीनं कागद कापडाखाली धरला आणि दिसेल त्या रेघेवरून बोटानं कुंकू भरलं. ते कापड आज काचेत आहे. उजवं पाऊल आईचं, डावं प्रिंटरचं. बाबा रोज आंघोळीनंतर दोन्हीला हात लावून नमस्कार करतात.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. तेरवीच्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मावशी मागच्या ओट्यावर भांडी पुसत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. मला कोणालातरी सांगायचं होतं, डागाचं सगळं. मी तोंड उघडायच्या आतच तीच बोलायला लागली.

"उन्हाळ्यात आलती न ती माह्याकडे, आंबे घेऊन. तवाच मनत होती टाच टोचते मनून. मी मनलं, बाई, दाखव कोनाले. पाह्यतो मी तरी, काढ चप्पल. तं काढू देईना. मने, काही नाही हाय. मने, माह्या पोरानं कम्प्युटरवर पाह्यलं, मोठं करू करू पाह्यलं. साफ हाय मने."

मावशीनं पातेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं. मला जे सांगायचं होतं ते मी तिला सांगितलं नाही. आजपर्यंत कोणालाच सांगितलं नाही, बाबांनाही नाही. हे ते वाचणार नाहीत, म्हणून इथे लिहितो आहे.

ती वेबसाइट पुढे बंद पडली. तो परदेशी माणूस कोण होता, त्याला काय दिसलं, आता विचारायची सोय नाही. मी थ्रीडी सोडलं, मशीन विकताना हार्ड डिस्क तेवढी काढून ठेवली. मला भ्रम झाला होता म्हणाल तर तो आईलाही झाला होता, मला दाखवला तिनेच. आणि तो कागद आहे ना आलमारीच्या आत, कणकेच्या खळीनं चिकटवलेला, कडा आता किड्यांनी खाल्ल्या आहेत. 'हात लावून पाहावंसं वाटलं' ही ओळ अजून वाचता येते. तिच्याखाली माझं थँक यू.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल मॉनिटर खराब, कोणी म्हणेल व्हायरस, कोणी म्हणेल देवानं इशारा दिला. लिहा, जे वाटेल ते. मला कारण सापडलं नाही आणि आता मी शोधतही नाही. मला फक्त एवढं जाणून घ्यायचं आहे की त्या रविवारी, आईनं पाय पुढे केला तेव्हा, तिच्या टाचेवर ते होतं की नव्हतं. हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो फोटो पाहत बसला होता.